#थ्रेड : वैशाखवणवा आणि पाठ्यपुस्तकातला मान्सून

शिवाजीनगरच्या चौकाला ‘सिमला ऑफिस’ का म्हणतात, हे ठाऊक असलेले पुणेकर थोडेच. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून येथे आले आणि १९४४ मध्ये दिल्लीस गेले. नाव तेवढे मागे राहिले.

मान्सून का येतो? शाळेतले उत्तर तोंडपाठ असते : उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते, हवा वर जाते, समुद्रावरचे बाष्पयुक्त वारे आत ओढले जातात. हे उत्तर १६८६ चे आहे. ते मांडले एडमंड हॅली यांनी. होय, धूमकेतूचे हॅली तेच.

या उत्तराला तडा गेला १९२१ मध्ये. सिमल्याच्या हवामान खात्यात काम केलेले जॉर्ज सिम्प्सन (स्कॉटच्या अंटार्क्टिका मोहिमेतले हवामानतज्ज्ञही हेच) यांनी साधा मुद्दा मांडला. जमीन सर्वाधिक तापते ती मेमध्ये, पाऊस भरात येतो जुलैत. शिवाय अवर्षणाच्या वर्षी जमीन अधिकच तापलेली असते. ढग नसतील तर ऊन पडणारच! म्हणजे ‘उन्हाळा कडक, तर पाऊस दांडगा’ हा भरवसा हॅलींच्या उत्तरातून निघतो. नोंदी त्याला साथ देत नाहीत.

मग खरे कारण कोणते? येथे पुणे पुन्हा येते. उष्णकटिबंधीय हवामानाच्या संशोधनासाठी येथे १९६२ मध्ये स्वतंत्र संस्था स्थापन झाली. आज ती पाषाणला आहे. पुण्याच्याच सुलोचना गाडगीळ हार्वर्डला गल्फ स्ट्रीम या अटलांटिकमधल्या सागरी प्रवाहावर पीएच.डी. करून १९७१ मध्ये तेथे रुजू झाल्या. दोन वर्षांनी त्या बंगळुरूस गेल्या. पण संस्थेतल्या डी. आर. सिक्का यांच्याशी जुळलेले काम सुटले नाही. उपग्रहांची छायाचित्रे दिवसागणिक तपासून १९८० मध्ये दोघांनी दाखवले, की विषुववृत्ताजवळच्या हिंदी महासागरावर ढगांचा पूर्व-पश्चिम पट्टा तयार होतो, उत्तरेकडे सरकत जमिनीवर येतो आणि काही आठवड्यांनी हाच क्रम पुन्हा घडतो. त्यांच्या मते मान्सून हा भलाथोरला खारा वारा नव्हे. पृथ्वीला वेढणाऱ्या विषुववृत्तीय पर्जन्यपट्ट्याचे ते ऋतूनुसार होणारे स्थलांतर आहे. जमीन तापल्याने हा पट्टा इतक्या उत्तरेस येऊ शकतो, एवढेच तिचे काम.

तरी २०१८ मध्ये गाडगीळांना ‘खारा वारा की पर्जन्यपट्टा’ या प्रश्नावर पुन्हा सविस्तर लेख लिहावा लागला. जुने उत्तर किती चिवट आहे, हे त्यावरून कळते.

पाषाणच्या हवामान प्रशिक्षण केंद्रात परदेशी प्रशिक्षणार्थीही येतात. त्यांना आणि जगभरच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना समीकरणांआधी हा वाद शिकवला पाहिजे : हॅली, सिम्प्सन, सिक्का-गाडगीळ, याच क्रमाने. चुकीचे उत्तर पटण्याजोगे का वाटले, हे न कळता बरोबर उत्तर पाठ करणारा विद्यार्थी संगणकाच्या प्रारूपावरही तसाच डोळे झाकून विश्वास ठेवतो. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनीही हा विषय ‘विज्ञानवाल्यांचा’ म्हणून सोडू नये. सिमला ऑफिसची इमारत अजून उभी आहे. तिच्याविषयी मराठीत लिहिलेले फारच थोडे सापडते.