माती आणि पट्टा

स्पॅनिश भाषेत 'तिएर्रा' हे नाम रोजच्या वापरातले. माती, शेतजमीन, मायदेश, पृथ्वी हे सारे अर्थ त्या एका शब्दात सुखाने नांदतात. आपल्या आदिलाबादकडे मात्र माती आणि जमीन यांच्यामध्ये 'पट्टा' उभा आहे.

मराठीत पट्टा कमरेला बांधतात. वाघाच्या अंगावरही पट्टे असतात. परंतु आमच्या खेड्यांत माणूस मराठी बोलणारा असो की तेलुगू, 'पट्टा' म्हटले की त्याला आधी आठवतो तो जमिनीच्या हक्काचा कागद.

'जल, जंगल, जमीन' ही मागणी ज्यांच्या नावाशी जोडली गेली, ते कुमराम भीम १९४० साली जोडेघाटला धारातीर्थी पडले. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनजमीन कसणाऱ्या आदिवासींचा ४ हेक्टरपर्यंतचा हक्क मान्य केला. तरीही पिढ्यान्‌पिढ्या माती कसून हाती पट्टा नसलेली घरे आहेतच.

मला वाटते, शब्दाचा अर्थ कोशात संपत नाही. सुट्टीत गावी गेल्यावर आपण शिकलेल्यांनी निदान एका घराचा अर्ज लिहून द्यावा. मग माती आणि जमीन हे शब्द आपल्याकडेही एकाच अर्थाचे होतील.