आल्प्सचा मुक्काम आणि उसाची तोड

ज्या कुटुंबाला आठ दिवस कोणतीही घाई न करता घालवावयाचे असतील, त्या कुटुंबातील एका तरी मनुष्याने त्यापूर्वी कित्येक महिने पुरेशी धावपळ केलेली असली पाहिजे, हा सिद्धान्त आम्हां लासुर्णेकरांना पुस्तकातून शिकविण्याची आवश्यकता नाही. दरवर्षी तुकोबारायांची पालखी सणसरचा मुक्काम हलवून, बेलवाडीचे गोल रिंगण आटोपून आमच्या गावावरून अंथुर्ण्याच्या रोखाने निघते, तेव्हा टाळकऱ्यांच्या मुखावर जी निश्चिंतता विलसत असते, तिच्यामागे पुढच्या तळावर आधीच पोहोचलेली सामानाची मालमोटार, दिंडीला नेमून दिलेला क्रमांक, भिशीचा चोख हिशेब आणि पाण्याच्या टँकरची तजवीज उभी असते. चालणारा निर्धास्त असतो, कारण त्याच्या वतीने कोणीतरी चिंता करून ठेवलेली असते. सुट्टीचेही तसेच आहे.

हे सर्व लिहिण्यास निमित्त असे घडले की, आमच्या घरात मध्यंतरी एक प्रस्ताव मांडला गेला. "बाबा, मुलांना एकदा बर्फावरचं स्कीइंग शिकवून आणू या, आईंनाही बरोबर नेऊ," असे सूनबाईंनी जेवणाच्या पानावर सुचविले, आणि चर्चेस वाव न ठेवता नातवंडांनी तो ठराव एकमताने मंजूर करून टाकला. "अहो, मला त्या फळ्या पायांना बांधायला सांगू नका म्हणजे झालं," एवढीच हरकत आमच्या सौभाग्यवतींनी नोंदविली. आराखड्याचे काम, सेवानिवृत्त मनुष्याला वेळ असतो या सार्वत्रिक समजुतीनुसार, माझ्याकडे आले.

आपल्याकडून युरोपात जाणारा प्रवासी सहसा मे महिन्यात जातो, कारण शाळा तेव्हाच बंद असतात. बारा-पंधरा दिवसांत पाच-सहा देश उरकताना तो एंगेलबर्गहून फिरत्या डब्याच्या रज्जुमार्गाने टिटलिसच्या ३,०२० मीटर उंचीवरील स्थानकावर जातो, १९९५ सालच्या चित्रपटाची आठवण म्हणून तेथे उभ्या केलेल्या शाहरुख-काजोलच्या प्रतिमांशेजारी छायाचित्र काढून घेतो, मूठभर बर्फ उधळतो आणि गाडीची वेळ झाली म्हणून खाली उतरतो. त्यात गैर काहीच नाही. परंतु बर्फाचे दर्शन घेणे निराळे आणि त्यावर उभे राहण्यास शिकणे निराळे. शिकण्यासाठी हिवाळा लागतो, एका ठिकाणी राहणे लागते आणि पडण्यास पुरेसा अवकाश लागतो. यास्तव आमच्या आराखड्याचे पहिले कलम असे ठरले की, गाव एकच, घर एकच, आणि कुटुंबातील सर्वांत मंद चालणाऱ्या व्यक्तीच्या गतीने सगळा कार्यक्रम.

या कलमास अनुसरून स्वित्झर्लंडच्या बर्नीज ओबरलांड प्रांतातील वेंगेन हे गाव आम्ही निवडले. आल्प्स म्हटले की आपल्या मनात श्वास कोंडणारी उंची उभी राहते. वस्तुतः वेंगेन समुद्रसपाटीपासून १,२७४ मीटरांवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहूनही किंचित खाली आहे, आणि कळसूबाईचे १,६४६ मीटरांचे शिखर तर त्याच्या बरेच वर राहते. बर्फ तेथे पडतो तो अक्षांशाच्या प्रभावाने, त्यामुळे वृद्ध माणसांना थंडीचा बंदोबस्त केला की पुरते, विरळ हवेचे भय बाळगण्याचे कारण नसते. गावात बाहेरून मोटारगाडी येऊच शकत नाही; लाउटरब्रुनेनच्या दरीत गाडी सोडून १८९३ साली सुरू झालेल्या दातेरी रुळांच्या वेंगर्नआल्प रेल्वेने वर चढावे लागते, आणि त्यामुळे मुले रस्त्यावर सुटली तरी आजीचा जीव टांगणीला लागत नाही. शिकाऊ मुलांसाठीचा सौम्य उतार वस्तीच्या अगदी मध्यभागी असून, उन्हाळ्यात या परिसरातील कुरणांवर गाई चरतात, हे कळताच सौभाग्यवतींचा त्या गावावरील विश्वास दुणावला.

या खेळाच्या इतिहासात आपल्या देशाचाही एक दूरस्थ धागा आहे. दरीच्या पलीकडच्या कड्यावरील म्यूरेन या गावी १९२२ च्या जानेवारीत आधुनिक स्लॅलम शर्यतीचा पाया घालणारे अर्नॉल्ड लन यांचा जन्म १८८८ साली मद्रासेत झाला. त्यांचे वडील हेन्री लन हे तेथे वैद्यकीय मिशनरी होते, आणि पुढे मायदेशी परतून त्यांनी इंग्रज प्रवाशांना हिवाळ्यात आल्प्समध्ये नेण्याचा व्यवसाय आरंभिला. हिवाळ्यात बर्फाखाली निपचित पडून राहणाऱ्या डोंगरी खेड्यांना अशा प्रवाशांमुळे उत्पन्नाचा दुसरा हंगाम लाभला. कोरडवाहू शिवारात कालव्याचे पाणी आल्याने काय होते हे ब्रिटिश अमदानीपासून नीरा डाव्या कालव्यावर जगणाऱ्या आमच्या भागाला चांगले ठाऊक असल्यामुळे, त्या खेड्यांच्या भाग्योदयाचे आम्हांला विशेष कौतुक वाटले.

खरी कसोटी होती ती तारखेची. आल्प्सचा हिमहंगाम आणि इंदापूर-बारामतीकडचा गळीत हंगाम हे जणू एकमेकांवर डूख धरूनच आखलेले असावेत इतके ते एकत्र येतात. वेंगेनमधील बर्फ डिसेंबरापासून एप्रिलच्या पूर्वार्धापर्यंत. आणि आमच्याकडे आडसाली उसाला कोयता लागण्याची, टोळीची वाट पाहत बांधावर उभे राहण्याची वेळ नोव्हेंबर ते जानेवारी. लागणीची नोंद जुलैच्या आरंभी झालेली असली तर तोड लवकर येते, म्हणून मी प्रथम प्रवासी कंपनीकडे न जाता कारखान्याच्या चिटबॉयकडे गेलो आणि आमच्या प्लॉटाचा क्रमांक साधारण केव्हा लागेल हे विचारून घेतले. त्यानंतर शाळेचे वेळापत्रक आणि तेथली गर्दी यांचा मेळ घातला. नाताळ आणि नववर्ष हा सर्वांत महागडा काळ. जानेवारीच्या मध्यास वेंगेनमध्ये १९३० पासून चालत आलेली लाउबरहॉर्नची जगप्रसिद्ध शर्यत होते व तेव्हा त्या चिमुकल्या गावात हजारो प्रेक्षक लोटतात. फेब्रुवारीत युरोपातल्या शाळांना हिवाळी सुट्ट्या असतात. मधे उरतो तो जानेवारीचा अखेरचा आठवडा. त्या सुमारास दर काहीसे उतरतात, शिक्षकांना सवड असते, आपल्याकडे वार्षिक परीक्षा अजून दूर असतात, आणि आमचा ऊस तोवर गव्हाणीत पडून गेलेला असतो. खालच्या इयत्तांतील मुलांना शाळेने आठवड्याची रजा दिली तर ज्ञानाची फार मोठी हानी होईल असे मला वाटत नाही. दावणीची जनावरे आणि खोडव्याचे पाणी पाहण्यासाठी मागे खात्रीचा माणूस ठेवणे, ही मात्र विमानाच्या तिकिटाइतकीच आधी करावयाची व्यवस्था होय.

पैशाविषयीही एक शब्द सांगितला पाहिजे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ अन्वये उसाचे पैसे पुरवठ्यापासून १४ दिवसांत अदा करावयाचे असतात. परंतु शहाणा शेतकरी केवळ कलमावर विसंबून परदेशाची तिकिटे काढीत नाही. आदल्या हंगामाच्या शिलकेतून जेवढे झेपेल तेवढेच ठरवावे, आणि पीककर्जाला तर या कामी हात लावूच नये.

कागदपत्रांच्या बाबतीत शेतकरी कुटुंबाची एक निराळी अडचण असते. व्हिसाच्या अर्जासोबत प्राप्तिकराची विवरणपत्रे मागतात, आणि शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने पुष्कळांच्या दफ्तरी ती नसतातच. अशा वेळी सातबारा आणि आठ-अ यांचे उतारे, कारखान्याची ऊसबिले, बँकेचे खातेउतारे आणि या सर्वांची इंग्रजी भाषांतरे यांची शिस्तशीर फाइल करून, उत्पन्न कोठून येते आणि परत येण्यास आपण कसे बांधलेले आहोत, हे एका साध्या पत्रात स्पष्ट लिहावे. जमीन हीच परतीची सर्वांत बळकट हमी असते. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो व निदान १५ दिवस आधी तो दाखल व्हावाच लागतो. जून २०२४ पासून प्रौढांचे शुल्क ९० युरो असून सहा ते बारा वर्षांच्या आतील मुलांना ४५ युरो पडतात. परतीच्या तारखेनंतर पारपत्राची मुदत किमान तीन महिने शिल्लक असावी लागते, आणि प्रवासविमा ३०,००० युरोंहून कमी चालत नाही. विम्याच्या बारीक अक्षरांत हिवाळी खेळ वगळलेले तर नाहीत ना, हे भिंग घेऊन पाहावे. कारण उतारावरून जायबंदी मनुष्यास खाली आणण्याचा किंवा हेलिकॉप्टरने इस्पितळात नेण्याचा खर्च वेगळा आकारला जातो, आणि तो एखाद्या एकराचे उत्पन्न गिळंकृत करू शकतो.

हॉटेलाऐवजी स्वयंपाकघरासह भाड्याने मिळणारे घर घ्यावे, असे आम्ही ठरविले. तांदूळ, डाळ, कोरडा मसाला, शेंगदाण्याची चटणी यांना वाट मोकळी असते. परंतु मांस आणि दूध यांपासून बनलेले पदार्थ आपल्याकडून तिकडे नेण्यास मनाई आहे, तेव्हा घरचे तूप आणि पेढे यांचा मोह मुंबईच्या विमानतळापूर्वीच आवरावा. कढीपत्ता, हिरव्या मिरच्या हाही ताजा माल म्हणून अडविला जातो. तूप काय, त्या मुलखात लोण्याचा तुटवडा नाही. कपड्यांत सुताचा त्याग करावा. सूत ओले झाले की अंगाची ऊब शोषते, लोकर मात्र ओली असूनही ऊब धरते, हे ज्ञान आमच्या भागातील मेंढपाळांना घोंगडीमुळे पिढ्यान्‌पिढ्या आहे. आत गरम अंगलग वस्त्र, मध्ये लोकर, वर पाणी न शिरणारे जाकीट, हातमोजे आणि काळा चष्मा एवढे पुरे. फळ्या, काठ्या, जड बूट आणि शिरस्त्राण तेथेच भाड्याने घ्यावे.

शिकण्याचा क्रम संथ असतो आणि तो संथच राहू द्यावा. मुलांना आरंभी काठ्या देत नाहीत. फिरत्या पट्ट्यावर उभे करून थोड्या उंचीवर नेतात आणि फळ्यांची पुढची टोके जवळ आणून वेग कसा आवरावा हे शिकवितात. थांबणे साधले की मगच पुढे जाणे. उतारांना निळा, तांबडा व काळा असे चढत्या काठिण्याचे रंग असतात, आणि नवशिक्याने निळ्यावरच समाधान मानावे. मागून येणाऱ्याने पुढच्याला जपावे, हा आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचा नियम मुलांना घरूनच पढवून न्यावा. बारामतीच्या रस्त्यावर दुचाकी हाकणाऱ्या त्यांच्या काकांनाही तो ऐकवण्यास हरकत नाही. न खेळणाऱ्यांची तेथे उपेक्षा होत नाही: आजीला रेल्वेने २,०६१ मीटरांवरील क्लाइन शायडेगला नेऊन उन्हात बाकावर बसविले की आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ ही तिन्ही शिखरे समोर उभी असतात, आणि त्यासाठी तिला एकही पाऊल बर्फावर टाकावे लागत नाही.

इतका खर्च आणि इतका खटाटोप ज्यांना नको, त्यांच्यासाठी आपले गुलमर्ग आहेच. तेथे भारतीय स्की क्लब १९२७ सालीच स्थापन झाला, शिक्षण देणारी सरकारी संस्था आहे, आणि पारपत्र लागत नाही. मात्र ते स्थळ सुमारे २,६५० मीटरांवर असल्याने वृद्धांनी आधी वैद्यांचा सल्ला घ्यावा. किंबहुना मुलांना ही विद्या आवडते की नाही याची परीक्षा आधी गुलमर्गला करून मग आल्प्सचा विचार करणे, हे पुष्कळ कुटुंबांच्या हिताचे ठरेल. आल्प्समध्येही बर्फाची खात्री आता पूर्वीइतकी उरलेली नाही. २०२२-२३ च्या हिवाळ्यात ऐन नववर्षाच्या सुमारास तेथील कित्येक सखल उतार हिरवे-तपकिरी पडले होते. म्हणून गाव निवडताना वरच्या उतारांपर्यंत गाडी वा रज्जुमार्ग जातो की नाही हे पाहावे. वेंगेनहून २,२२५ मीटरांवरील मेनलिखेनला असा मार्ग जातो, आणि आमच्या निवडीचे तेही एक कारण होते.

माझा अभिप्राय असा की, पाच देश धावत पाहण्यापेक्षा एका गावात आठ दिवस राहून मुलांना एक निळा उतार न पडता उतरता आला, तर ती सहल अधिक मोलाची. ज्या वाचकांच्या मनात असा बेत असेल त्यांनी माहितीपत्रके जमविण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात: चिटबॉयकडे आपल्या उसाच्या नोंदीची तारीख विचारून घ्यावी, आणि कपाटातील पारपत्र काढून त्याची मुदत पाहावी. या दोन तारखा जुळल्या तर बाकीचे सारे ओघाने जुळते.