खोली नंबर ३०४ आणि बार्शी लाइट

शिर्डीत शनिवारी संध्याकाळी रिकामी खोली मिळणं म्हणजे अप्रेझलमध्ये बॉसने आपणहून पगार वाढवण्यासारखं आहे. मिळते म्हणतात, पण मिळालेला माणूस कुणी पाहिलेला नाही. त्यामुळे माझ्या मित्राच्या लॉजवर आठ जणांचं एक कुटुंब बॅगांवर बसून "दादा, काहीतरी करा ना" म्हणत होतं आणि त्याच्या पाठीमागे खिळ्यावर ३०४ची किल्ली आरामात लटकत होती, तेव्हा मी चाटच पडले.

"ती बुक आहे," तो म्हणाला.

"कुणाची?"

"बार्शीची."

आम्ही दोघं मास कॉमला एकत्र होतो. फीचर रायटिंगमध्ये त्याला माझ्यापेक्षा दोन मार्क जास्त पडले होते (विसरलेले नाही मी!). पण पत्रकारितेत दोन वर्षं काढल्यावर त्याने शहाणपणा केला आणि वडिलांच्या लॉजवर येऊन बसला. मुंबईहून वंदे भारत २०२३ पासून थेट साईनगर शिर्डीला येते, म्हणून या वेळी आईला दर्शनाला घेऊन आले होते. आई खोलीत जरा आडवी झाली आणि मी त्याच्यामागे तिसऱ्या मजल्यावर गेले.

३०४मध्ये पलंग नाही. टीव्ही नाही. दोन भिंतींना लागून कमरेच्या उंचीवर प्लायवुड, त्यावर डोंगर, ओढा, छोटं स्टेशन, आणि त्यातून चाललेली एक गाडी. इंजिन माझ्या टूथब्रशपेक्षा छोटं. मागे फिकट पिवळे डबे, दोन्ही टोकांना इवलीशी बाल्कनी.

"ही बार्शी?"

"नाही, हे स्टॅफर्डशायर. बार्शी व्हायचीय अजून."

आता थोडं मागे जावं लागेल. मॉडेल ट्रेन गोळा करणारे बरेच जण ज्या रस्त्याने आत शिरतात, त्याच रस्त्याने हाही शिरला. कॉलेजात असताना मामाने लंडनहून एक सेट आणला. हॉर्नबीचा, हिरवागार 'फ्लाइंग स्कॉट्समन'. ही कंपनी १९२० पासून आगगाड्या बनवते आणि इंग्रज माणसाला जुन्या रेल्वेचं वेड इतकं, की बंद पडलेल्या प्रत्येक फाट्याचं इंजिन, डबा, सिग्नल, स्टेशनवरचं बाकडंसुद्धा छोट्या आकारात विकत मिळतं. मग आम्ही पुण्याला कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघायला गेलो. बी. एस. जोशींनी आयुष्यभराचा छंद १९९८ मध्ये लोकांसाठी खुला केला, ते. दिवे मालवतात, टेबलावरच्या शहरात रात्र होते आणि सगळ्या गाड्या धावायला लागतात. मी दहा मिनिटांत चहाचा विचार करायला लागले होते. हा पुढचा शो बघायला पुन्हा रांगेत.

तेव्हापासून त्याला आपली गाडी हवी होती. आणि इथेच घोळ झाला.

इंग्लिश मॉडेलचा हिशोब सोपा असतो: खरा एक फूट म्हणजे मॉडेलमध्ये चार मिलिमीटर. आपल्या ब्रॉडगेजचे रूळ साडेपाच फुटांवर, म्हणजे मॉडेलमध्ये बावीस मिलिमीटर हवेत. बाजारात रूळ मिळतात साडेसोळाचे. म्हणजे इंद्रायणी एक्सप्रेस करायला गेलात तर खालचे रूळ खऱ्या मापात सव्वा फुटाहून जास्त आकसतात. नवरदेव सूट-बुटात आणि पायात धाकट्या भावाची चप्पल, असं दिसतं ते. गंमत म्हणजे इंग्रजांच्या स्वतःच्या गाड्याही या रुळांवर किंचित फोपशाच दिसतात. कारण त्या काळच्या मोटरी मोठ्या होत्या, छोट्या ब्रिटिश इंजिनात मावत नव्हत्या. मग वरचा सांगाडा वाढवला आणि रूळ तेच ठेवले. ती तडजोड आजतागायत चालू आहे.

पण नॅरोगेजचे रूळ अडीच फुटांवर. चोक दहा. दहा मिलिमीटर. आणि बाजारात नऊ मिलिमीटरचा रूळ सर्रास मिळतो! एका मिलिमीटरवर भांडणारे लोक जगात आहेत. हा त्यातला नाही, असं तो म्हणतो. (तो त्यातलाच आहे.)

अडीच फुटी म्हटल्यावर त्याच्या डोक्यात एकच नाव आलं. त्याची आजी बार्शीची. बार्शी लाइट.

आपल्या पिढीला हे नाव आजी-आजोबांच्या गप्पांतून माहीत. इतकी हळू, की माणसं उतरून शेतातले हरभऱ्याचे डहाळे उपटून पुन्हा चढायची, वगैरे. पण ही गाडी विनोद म्हणून जन्माला आली नव्हती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेच्या नोकरीत इकडे आला. बार्शी ही कापसाची मोठी पेठ, पण मुख्य लाइन तिच्यापासून पस्तीसेक किलोमीटरवर, कुर्डुवाडीवरून जाणारी. कॅलथ्रॉपने डोकं चालवलं. रूळ हलके आणि स्वस्त ठेवायचे, म्हणून कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार टाकायचा नाही. इंजिन ताकदवान हवं असेल तर त्याला चाकं वाढवायची. सगळी वाहनं याच एका मापाने बांधायची. कंपनी लंडनची. गाडी १८९७ मध्ये बार्शीला पोचली, १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. सव्वातीनशे किलोमीटर!

आणि मग ती गोष्ट, जी सांगताना माझ्या मित्राचे डोळे साईबाबांच्या आरतीला चमकत नाहीत इतके चमकतात. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरच्या एका दरीत छोटी रेल्वे बांधायची ठरली, तेव्हा इंजिनिअर म्हणून बोलावलं कॅलथ्रॉपला. त्याने बार्शीचीच पाककृती वापरली. अडीच फुटी रूळ, लीड्सच्या त्याच किटसन कारखान्याची इंजिनं, टोकांना बाल्कनी असलेले, आपल्याकडच्या उन्हाला शोभतील असे डबे. १९०४ मध्ये 'लीक अँड मॅनिफोल्ड' सुरू झाली. लांबी जेमतेम तेरा किलोमीटर, इंजिनं दोन, मुख्य धंदा दुधाचा. मोठ्या रेल्वेचा अख्खा वॅगन छोट्या गाडीच्या पाठीवर चढवून न्यायची सोयसुद्धा त्याने केली होती. हत्तीला शेळीवर बसवल्यासारखं ते मॉडेल ३०४च्या कपाटात आहे, मी हातात घेतलं. इंग्रजांनी आपल्याकडे रेल्वे आणली हे शाळेपासून ऐकतोय. ही एक त्यांनी इथून नेली.

(याच कॅलथ्रॉपने पुढे विमानातल्या लोकांसाठी पॅराशूट तयार केलं. काही माणसांना बायोडेटाला दुसरं पान लागतंच.)

लीक अँड मॅनिफोल्ड १९३४ मध्ये बंद पडली. रूळ उखडले, इंजिनं भंगारात गेली, आता तिथे चालायची-सायकलची वाट आहे. म्हणजे अवघी तीस वर्षं जगलेली, मरून नव्वद वर्षं झालेली, तेरा किलोमीटरची गाडी. आणि तिच्या इंजिनाचं पितळी किट मिळतं, डब्यांचं मिळतं, रंग कुठला होता यावर वाद घालायला माणसंही मिळतात. आपली बार्शी लाइट त्यानंतर सत्तर वर्षं धावली. २००० नंतरच्या दहा-अकरा वर्षांत तुकड्या-तुकड्याने ब्रॉडगेज झाली. तिच्यातून वारीला गेलेली लाखो माणसं आज हयात असतील. तिचं विकत काय मिळतं? शून्य.

म्हणून हा बाबा इंग्लंडची बहीण गोळा करतो आणि तिला बार्शी बनवतो. किंमत तो रुपयांत सांगत नाही. "हे इंजिन म्हणजे दोन खोल्यांचा एक वीकेंड." पण नुसतं नाव बदलून भागत नाही. लीकच्या इंजिनाला जोडलेली मोठी चाकं सहा, बार्शीच्या पहिल्या इंजिनांना आठ. एक जोडी कमी पडते. ती कुठून आणायची, हा गेलं वर्षभर त्याचा प्रश्न आहे. बाकीचा जुगाड इथलाच. गवत म्हणजे रंगवलेला लाकडाचा भुसा. रुळांखालची खडी आधी रव्याची केली होती, मग मुंग्यांनी स्टेशन ताब्यात घेतलं. आता चाळलेली वाळू आहे.

आजीला एकदा हात धरून वर आणलं, तेव्हा ती बराच वेळ बघत उभी राहिली. त्याला वाटलं, आता रडणार. आजी म्हणाली, "माणसं कुठायत रे? रिकामी गाडी कधी पाहिली होती का आम्ही?"

झालं! विकत मिळणारी माणसं सगळी इंग्रज. कोट, हॅट, हातात छत्री. साडेपाच फुटी माणूस म्हणजे बावीस मिलिमीटर, तुमच्या नखापेक्षा थोडा मोठा. तो रात्री काउंटरवर बसून ब्लेडने हॅट कापतो, एम-सीलची पागोटी चढवतो, कोटाचा अंगरखा करतो. एका मडमेच्या डोक्यावर तुळशीवृंदावन ठेवलंय. आत्तापर्यंत एकेचाळीस वारकरी झालेत. आजीचं म्हणणं, एका डब्यालाही पुरायचे नाहीत.

आणि हे सगळं चाललंय शिर्डीत, जिथे मनमाड-दौंड लाइन १८७८ पासून शेजारून जात होती, पण भक्त कोपरगावला उतरून टांग्याने येत. गावाचं स्वतःचं स्टेशन व्हायला २००९ उजाडलं. आता स्टेशन आहे, विमानतळ आहे आणि दर वर्षी नवीन हॉटेलं आहेत. त्या स्पर्धेत एक खोली कायमची बंद ठेवणं म्हणजे चैन नाही, नुकसान आहे. वडिलांनी त्याला गेल्या रामनवमीला सरळ विचारलं, "बाबांच्या दारात आलेला माणूस पायरीवर झोपतो आणि तुझ्या गाडीला अटॅच्ड बाथरूम?" याच्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. खाली बॅगांवर बसलेली ती दोन छोटी मुलं मला दिसत होतीच.

मार्ग निघाला तो धंदेवाईक निघाला. वडील आता त्याच्या पगारातून ३०४चं भाडं कापतात. ऑफ-सीझनचा दर, सवलत नाही. आणि रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसऱ्याला खोली रिकामी करायची. प्लायवुडला त्याने बिजागऱ्या लावून घेतल्यात, भिंतीला उभं टेकतं. गाडी त्या दिवसांत खोक्यात, खोकं आजीच्या पलंगाखाली.

त्या शनिवारी मात्र सण नव्हता. आम्ही खाली आलो, तेव्हा ते कुटुंब अजून तिथेच होतं. त्याने एकदा किल्लीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "पंधरा मिनिटं द्या काका," म्हणाला. मग प्लायवुड मी एका बाजूने धरलं. बिजागरी कुरकुरली, दोन वारकरी पडले, ते मी खिशात घातले आणि रात्री परत केले.

त्याला आता सगळ्यात जास्त नड आहे फोटोंची. बार्शी लाइटचे फोटो मिळतात, पण सगळ्यांत पुढे हार घातलेले नवरा-नवरी किंवा मुंजीचा बटू आणि मागे डब्याची अर्धी खिडकी. त्याला ती खिडकीच हवी आहे. दाराची उंची, पायऱ्यांची संख्या, पाटीवरची अक्षरं. तेव्हा कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, पंढरपूर, मिरज इथे कुणाचं आजोळ असेल, तर पुढच्या वीकेंडला माळ्यावरचा अल्बम काढा आणि माणसांच्या मागे बघा. आणि हो, इंग्लंडहून कुणी येणार असेल तर सांगा. चाकांची एक जोडी अजून कमी आहे.