वेगवान आक्रमण, अधीर प्रशासन : ऑबर्नच्या अनुभवाचा अर्थ

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये प्रशिक्षकाला हटविण्याची किंमत आता कोट्यवधी डॉलरमध्ये मोजली जाते. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने जिम्बो फिशर यांना दूर केले, तेव्हा करारानुसार त्यांना देय असलेली रक्कम साडेसात कोटी डॉलरहून अधिक होती. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाने ब्रायन केली यांना हंगामाच्या मध्यावरच निरोप दिला. त्या प्रकरणात राज्याच्या गव्हर्नरांनी क्रीडा संचालकांवर जाहीर टीका केली आणि काही दिवसांतच संचालकांनाही पद सोडावे लागले. नोव्हेंबरच्या आरंभी अलाबामा राज्यातील ऑबर्न विद्यापीठाने ह्यू फ्रीझ यांना पदमुक्त केले. पाच वर्षांत प्रशिक्षक हटविण्याची ऑबर्नची ही तिसरी वेळ.

यानंतर ऑबर्नने केलेली निवड लक्षवेधी आहे. साउथ फ्लोरिडा विद्यापीठाचे ॲलेक्स गोलेश यांना तेथे पाचारण करण्यात आले. गोलेश यांची ओळख वेगवान आक्रमणाचे पुरस्कर्ते अशी आहे. ज्या संस्थेने २०२० मध्ये याच विचाराचे अध्वर्यू गस माल्झान यांना प्रचंड रक्कम देऊन निरोप दिला, तीच संस्था पाच वर्षांनी त्याच वाटेवर परतली आहे. मधल्या काळात नेमके काय साधले, हा प्रश्न त्यामुळे अपरिहार्य ठरतो.

खेळाचे स्वरूप

भारतात फुटबॉल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळाहून अमेरिकी फुटबॉल सर्वस्वी वेगळा आहे. यात आक्रमक संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. प्रत्येक चालीनंतर खेळ थांबतो, खेळाडू वर्तुळ करून उभे राहतात, पुढची चाल ठरवतात आणि पुन्हा रांगेत येतात. या खलबतालाच ‘हडल’ म्हणतात. बचाव करणारा संघही याच अवधीत दम घेतो, खेळाडू बदलतो आणि आपली मांडणी निश्चित करतो.

वेगवान आक्रमणाचा सिद्धान्त हा अवधीच नाकारतो. चाल संपताच खेळाडू थेट रांगेत उभे राहतात. पुढची चाल मैदानाबाहेरून हातवाऱ्यांनी किंवा चित्रफलकांनी कळविली जाते आणि प्रतिस्पर्धी सावरण्यापूर्वी चेंडू खेळात येतो. आक्रमक संघाने खेळाडू बदलला, तरच बचाव संघाला बदलासाठी पुरेसा वेळ देण्याचे बंधन पंचांवर असते. आक्रमकांनी तेच अकरा खेळाडू मैदानात ठेवले, तर समोरचे धिप्पाड बचावपटू दमछाक झालेल्या अवस्थेत अडकून पडतात. २००८ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलने दोन चालींमधील वेळ मोजण्यासाठी ४० सेकंदांचे घड्याळ स्वीकारले. आधीची चाल संपताच ते सुरू होत असल्याने या पद्धतीला मोठे बळ मिळाले.

माल्झान यांनी ही पद्धत आर्कान्सा राज्यातील शालेय संघांना शिकवताना घडविली. २००३ मध्ये त्यांनी या विषयावर पुस्तकही लिहिले. शालेय मैदानावरून विद्यापीठात आलेल्या या प्रशिक्षकाने २०१० च्या हंगामात ऑबर्नचे आक्रमण सांभाळले. कॅम न्यूटनसारखा क्वार्टरबॅक लाभलेल्या त्या संघाने ऑरेगनला २२-१९ असे नमवून राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. पराभूत ऑरेगनचे प्रशिक्षक चिप केली हेदेखील वेगवान आक्रमणाचेच उपासक होते. देशातील सर्वोच्च सामन्यात दोन्ही बाजूंना एकच विचार उभा होता.

२०१२ मध्ये ऑबर्नची घसरण झाली. बारांपैकी नऊ सामने गमावल्यावर, दोनच वर्षांपूर्वी विजेतेपद मिळवून देणारे मुख्य प्रशिक्षक जीन चिझिक यांना काढण्यात आले आणि त्यांच्या जागी माल्झान आले. पहिल्याच हंगामात संघाने १२ सामने जिंकले. धावत चेंडू पुढे नेण्यात तो देशात अव्वल ठरला. प्रत्येक सामन्यात सरासरी ३२८ यार्ड. अलाबामाविरुद्धच्या सामन्यात शेवटच्या क्षणी हुकलेली किक झेलून ख्रिस डेव्हिस मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावला आणि ऑबर्नने ३४-२८ असा विजय मिळविला. राष्ट्रीय अंतिम सामना मात्र फ्लोरिडा स्टेटने ३४-३१ असा जिंकला.

नियमांतून वेसण घालण्याचा प्रयत्न

या यशाची पहिली प्रतिक्रिया नियम समितीच्या बैठकीत उमटली. २०१४ च्या फेब्रुवारीत एक प्रस्ताव पुढे आला : बचाव संघाला खेळाडू बदलण्यासाठी दहा सेकंद मिळावेत आणि त्यापूर्वी आक्रमक संघाने चेंडू खेळात आणल्यास दंड व्हावा. प्रत्येक अर्धातील शेवटची दोन मिनिटे त्यातून वगळली होती. अलाबामाचे निक सेबन आणि आर्कान्साचे ब्रेट बिलेमा यांनी वेगाविषयी चिंता व्यक्त केली होती. कारण सांगितले गेले ते खेळाडूंच्या सुरक्षिततेचे.

माल्झान यांच्यासह अनेक प्रशिक्षकांनी या दाव्याला पुरावा मागितला. वेगामुळे दुखापती वाढतात, हे सिद्ध करणारी ठोस आकडेवारी प्रस्तावकांना मांडता आली नाही आणि मार्चच्या प्रारंभी प्रस्ताव मागे घेतला गेला. त्याच वर्षी सेबन यांनी लेन किफिन यांच्याकडे आक्रमणाची सूत्रे सोपविली आणि अलाबामानेही कालांतराने वेगवान, मोकळ्या मांडणीचा अंगीकार केला. विरोधकाने ज्या शस्त्राला आक्षेप घेतला, तेच त्याने उचलले.

सुरक्षिततेचा मुद्दा म्हणून निराधार ठरत नाही. चाली वाढल्या की टकरीही वाढतात, हे उघड आहे. २०२३ मध्ये नियम समितीने वेगळा मार्ग धरला. प्रत्येक नव्या संधीच्या संचानंतर घड्याळ थांबविण्याची प्रथा, अर्धातील शेवटच्या दोन मिनिटांपुरती ठेवून, बंद करण्यात आली. एका शैलीवर निर्बंध घालण्याऐवजी सर्वांच्याच चाली थोड्या कमी करणारा हा उपाय अधिक न्याय्य होता. म्हणूनच तो टिकला.

संशयाचा काळ

माल्झान यांच्यासमोरची खरी अडचण मात्र नियमांची नव्हती. वेगवान आक्रमण अपयशी ठरले, तर तेही वेगानेच. तीन चाली फसल्या की चेंडू मिनिटाभरात प्रतिस्पर्ध्याकडे जातो आणि आपलाच बचाव संघ धापा टाकत मैदानात परततो. २०१४ मध्ये अलाबामाविरुद्ध ऑबर्नने ६३० यार्ड मिळवूनही सामना ४४-५५ असा गमावला. पुढच्या वर्षी संघाला सातच विजय मिळाले आणि विद्यापीठाच्या वर्तुळात कुजबुज सुरू झाली.

या दबावाचा परिणाम कोठे दिसला, हे पाहण्यासारखे आहे. २०१६ च्या हंगामात चाली ठरविण्याचा अधिकार माल्झान यांनी सहायक ऱ्हेट लॅशली यांच्याकडे दिला. २०१७ मध्ये तो चिप लिंडसी यांच्याकडे गेला. २०१८ च्या अखेरीस माल्झान यांनी तो पुन्हा स्वतःकडे घेतला आणि त्या हंगामाच्या अखेरच्या सामन्यात परड्यूला ६३-१४ असे चिरडले. २०२० मध्ये हीच जबाबदारी चॅड मॉरिस यांच्याकडे सोपविण्यात आली. वेगवान पद्धतीत विचार करायला मोजके क्षण असतात. संकेत देणारा, तो वाचणारा आणि त्यावर धावणारा यांच्यात एकवाक्यता असेल, तरच ती चालते. संकेत देणारा हात पाच वर्षांत चार वेळा बदलला, तर खेळाडूंच्या मनात किंतु शिरणे स्वाभाविक आहे.

तरीही हिशेब मांडला, तर चित्र अपयशाचे नाही. आठ हंगामांत ६८ विजय आणि ३५ पराभव. एकही हंगाम तोट्याचा नाही. अलाबामाविरुद्ध आठपैकी तीन विजय. त्या काळात अलाबामाला तीनदा हरविणारे संघ विरळाच. परंतु ऑबर्नच्या व्यवस्थेत तुलना नेहमी शेजारच्या विजेत्याशी होत होती.

करार करणारे आणि किंमत मोजणारे

२०१७ मध्ये जॉर्जिया व अलाबामा या दोन्ही बलाढ्य संघांना ऑबर्नने हरविले. आर्कान्सा विद्यापीठ माल्झान यांना नेण्याच्या प्रयत्नात असल्याच्या बातम्या येताच सात वर्षांचा, ४ कोटी ९० लाख डॉलरचा नवा करार झाला. हटविल्यास उर्वरित रकमेचा तीन चतुर्थांश भाग देण्याची हमी त्यात होती. त्या वेळी स्टीव्हन लीथ विद्यापीठाचे अध्यक्ष होते. क्रीडा संचालक जे जेकब्स निवृत्तीच्या वाटेवर होते. नवे संचालक ॲलन ग्रीन आले ते करारानंतर. लीथ यांनी २०१९ मध्ये पद सोडले. डिसेंबर २०२० मध्ये माल्झान यांना हटविताना २ कोटी १४ लाख ५० हजार डॉलरची जबाबदारी संस्थेवर आली आणि त्यातील अर्धी रक्कम तीस दिवसांत द्यायची होती. करोनाच्या साथीने अमेरिकेतील विद्यापीठांचे अर्थकारण कोलमडलेले असताना हा निर्णय झाला.

करारावर सही करणारे एक आणि त्याची किंमत मोजणारे दुसरे, ही या व्यवस्थेची मूळ व्याधी आहे. अध्यक्ष, संचालक, विश्वस्त आणि बडे देणगीदार यांपैकी अंतिम शब्द कोणाचा, हे ऑबर्नमध्ये अनेकदा अस्पष्ट राहिले. २००३ च्या नोव्हेंबरमध्ये तत्कालीन अध्यक्ष, क्रीडा संचालक आणि दोन विश्वस्त खासगी विमानाने दुसऱ्या संघाच्या प्रशिक्षकाला गुप्तपणे भेटायला गेले होते. तेव्हा टॉमी ट्युबरव्हिल प्रशिक्षकपदावर कार्यरत होते आणि अलाबामाविरुद्धचा सामना दोन दिवसांवर होता. गौप्यस्फोट झाल्यावर अध्यक्षांना पायउतार व्हावे लागले. त्याच डिसेंबरमध्ये विद्यापीठाची मान्यता देणाऱ्या संस्थेने ऑबर्नला परिवीक्षेवर ठेवले. विश्वस्तांचा हस्तक्षेप आणि क्रीडा विभागावरील नियंत्रण हे आक्षेपांतील प्रमुख मुद्दे होते. फुटबॉलच्या प्रशिक्षकासाठी चाललेली धावपळ पदवीच्या प्रतिष्ठेपर्यंत पोहोचू शकते, याचा हा दाखला. ट्युबरव्हिल यांच्या संघाने पुढच्याच हंगामात १३ पैकी १३ सामने जिंकले.

ट्युबरव्हिल यांचा उत्तरार्धही याच विषयाशी जोडलेला आहे. नव्या मोकळ्या आक्रमणासाठी त्यांनी टोनी फ्रँकलिन यांना आणले आणि २००८ च्या हंगामात सहाच सामन्यांनंतर त्यांना काढून टाकले. वर्षाअखेर स्वतः ट्युबरव्हिल यांनाही पद सोडावे लागले. नवी पद्धत स्वीकारायची, पण ती रुजेपर्यंत थांबायचे नाही, ही सवय माल्झान यांच्या आधीपासूनची आहे.

माल्झान गेल्यानंतर आलेले ब्रायन हार्सिन दोन हंगामही पूर्ण करू शकले नाहीत. त्यांना २०२२ च्या ३१ ऑक्टोबरला हटविले गेले. फ्रीझ यांचा हिशेब १५ विजय आणि १९ पराभव असा राहिला. या तिघांना देय ठरलेली रक्कम एकत्र केली, तर ती पाच कोटी डॉलरच्या पुढे जाते आणि दोघांपैकी एकालाही माल्झान यांच्या कामगिरीच्या जवळ जाता आले नाही. हटविण्याच्या बाजूने दिला गेलेला युक्तिवाद परिणामांनी खोटा ठरविला आहे.

खेळाडूंचा वाटा

या व्यवहारात सर्वांत कमी बोलले गेले ते खेळाडूंविषयी. माल्झान यांना पदावरून दूर केले गेले, तेव्हा मैदानात उतरणाऱ्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाकडून वेतन घेण्यास मनाई होती. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या समझोत्यानंतर विद्यापीठांना आपल्या उत्पन्नातील वाटा खेळाडूंना थेट देण्याची मुभा मिळाली. २०२५-२६ या पहिल्या वर्षासाठी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे. ही रक्कम सर्व खेळांतील सर्व खेळाडूंसाठी आहे आणि ती एकट्या माल्झान यांना घरी बसविण्यासाठी द्याव्या लागलेल्या रकमेपेक्षा कमी भरते.

प्रशासकांची बाजू अगदीच पोकळ नाही. ऑबर्नच्या मैदानात ८७ हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात. तिकिटे, प्रक्षेपण हक्क आणि देणग्या यांवर क्रीडा विभागाचा डोलारा उभा असतो. रिकाम्या खुर्च्यांचा जाब त्यांनाच द्यावा लागतो. राष्ट्रीय विजेतेपदाच्या स्पर्धेत २०२४ पासून बारा संघांना प्रवेश मिळू लागल्याने ती हुकण्याचे दुःखही वाढले आहे. तथापि ऑबर्न हे राज्याचे विद्यापीठ आहे. राज्याचे गव्हर्नर पदसिद्ध अधिकारात त्याच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष असतात. देणगीदारांच्या खिशातून आलेला पैसादेखील अशा संस्थेत एकदा आला की त्याच्या विनियोगाचे उत्तर सार्वजनिक ठरते.

अमेरिकेतील विद्यापीठांत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या २०२३-२४ मध्ये ३ लाख ३१ हजारांवर गेली. त्यांत महाराष्ट्रातून गेलेलेही आहेत. ज्या संस्थांच्या शुल्कासाठी येथील कुटुंबे कर्ज काढतात, त्यांचा कारभार कोणाच्या दबावाखाली चालतो, हे त्यांनाही ठाऊक असलेले बरे.

गोलेश यांच्यापुढील कसोटी

गोलेश यांनी जॉश ह्युपेल यांच्या हाताखाली टेनेसी विद्यापीठात वेगवान आक्रमणाचा अनुभव घेतला आहे. त्यांची पद्धत ऑबर्नच्या प्रेक्षकांना अपरिचित नाही. सुरुवातीच्या विजयांवर ती टाळ्या घेईल, हे सांगायला भविष्यवेत्त्याची गरज नाही. कसोटी लागेल ती तीन चाली सलग फसतील आणि घड्याळावर जेमतेम मिनिट सरलेले असेल तेव्हा.

विद्यापीठाला त्यासाठी दोन गोष्टी आधीच ठरवाव्या लागतील. प्रशिक्षकाचे मूल्यमापन कोण करणार आणि किती हंगामांनी, हे लेखी असावे. तसेच भरपाईची हमी अशी असावी की ती देणाऱ्याला पदावर असतानाच तिचा भार जाणवेल. या दोन्हींअभावी, मैदानावरचा वेग कितीही शिस्तबद्ध असला तरी बैठकीच्या खोलीतील घाई त्याला गाठतेच. आणि तिचे देयक पुढच्या अध्यक्षाच्या टेबलावर येऊन पडते.