केइकोचं काय चुकलं?

मैत्रिणींनो, एक ३६ वर्षांची अविवाहित बाई डोळ्यांसमोर आणा. १८ वर्षं दुकानात तासांवर काम, वेळेवर जाते, चोख काम करते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी तर लगेच म्हटलं असतं, ‘अगं बाई, हिचं पुढे कसं व्हायचं?’

ही केइको. जपानी लेखिका सायाका मुराता यांच्या २०१६ सालच्या कादंबरीची नायिका. कादंबरीला त्याच वर्षी तिथला मानाचा अकुतागावा पुरस्कार मिळाला. २०१८ साली ‘कन्व्हिनियन्स स्टोअर वुमन’ नावाने आलेला इंग्रजी अनुवाद मी वाचला. लहानसं पुस्तक, दोन दुपारींत संपलं. असली चोवीस तास उघडी दुकानं जपानमध्ये जागोजागी असतात. मुरातांनी स्वतः अशा दुकानात बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे सगळं कसं अगदी आतून आलंय.

केइको लहानपणापासूनच वेगळी. बागेत मेलेला पक्षी बघून बाकीची मुलं रडतात, ही म्हणते, बाबांना आवडतो ना, भाजून खाऊ या! आई हादरते. तेव्हापासून घरचे हिला ‘बरी’ करायच्या मागे. दुकानात मात्र सगळं ठरलेलं. गिऱ्हाइकाशी काय बोलायचं, चेहरा कसा ठेवायचा, सगळं शिकवतात. तिथे ती पहिल्यांदा चारचौघींसारखी दिसते.

पुढे लोकांची तोंडं बंद करायला ती शिराहा नावाच्या एका ऐतखाऊ माणसाला घरात ठेवून घेते. प्रेम वगैरे काही नाही. तो न्हाणीघरात पडून असतो, ही त्याला खायला नेऊन देते. पण घरात पुरुष आहे म्हटल्यावर सगळे खूश! एकदा बहीण येते, खरा प्रकार बघून रडायलाच लागते. तेवढ्यात शिराहा थाप मारतो, ‘मी जुन्या मैत्रिणीला भेटलो म्हणून आमचं भांडण झालंय.’ आणि बहिणीचा जीव भांड्यात पडतो! तावातावाने ती त्याला झापते. म्हणजे पुरुष बाहेरख्याली असला तरी चालेल, गोष्ट ओळखीची हवी.

शेवटी केइको त्याला सोडून दुकानाच्याच कामाकडे वळते. तासांवरच्या मजुरीत तिचं म्हातारपण कसं निभणार, ही माझी काळजी काही गेली नाही. पण ती काळजी लग्न झालेल्या किती बायकांबद्दल मी करते?

त्या बहिणीपाशी मी पुस्तक मिटलं होतं. आमच्या मंडळाच्या सल्ला केंद्रात मी अकरा वर्षं बसतेय. नवऱ्याच्या जाचाने आलेल्या बाईला काय सांगायचं, ते मला पाठ आहे. गेल्या वर्षी एक चाळिशीची शिक्षिका आली. एकटी राहते, पगार आहे, मजेत आहे. भावाने लग्नाचा लकडा लावला होता, तेवढा थांबवा म्हणाली.

मी तिला दोन स्थळं सुचवली. ती पुन्हा आली नाही.