९९ हरले तेव्हा २५ लाख आले, ९९ जिंकले तेव्हा १४ लाख! टँपा बे रेजचं स्टेडियम भरत का नाही?

१९९८ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात बेसबॉलचा एक नवा संघ मैदानात उतरला. पहिल्याच मोसमात त्याने १६२ पैकी ९९ सामने गमावले. तरीही त्या वर्षी त्याच्या घरच्या सामन्यांची तब्बल २५ लाख तिकिटं खपली.

२५ वर्षांनंतर, २०२३ मध्ये, याच संघाने १६२ पैकी ९९ सामने जिंकले. या वेळी तिकिटं खपली १४ लाख ४० हजार.

हा संघ म्हणजे टँपा बे रेज. 'संघ जिंकायला लागला की लोक आपोआप येतात' हा खेळाच्या धंद्यातला सगळ्यात जुना समज. रेजने तो गेली १५ वर्षं खोटा ठरवला आहे. आता याच संघासाठी नवं स्टेडियम बांधायच्या हालचाली सुरू आहेत, म्हणून हा प्रश्न फक्त खेळापुरता उरलेला नाही. लोक का येत नाहीत हे न समजताच त्यावर करदात्यांचे कोट्यवधी डॉलर लावायचे का, असा तो प्रश्न आहे.

संघ खरंच इतका चांगला आहे का?

सुरुवातीला नव्हता. पहिल्या दहा मोसमांपैकी नऊ मोसमांत संघ आपल्या गटात तळाला राहिला. तेव्हा त्याचं नाव होतं टँपा बे डेव्हिल रेज. २००८ मध्ये नाव बदललं आणि नशीबही. आदल्या वर्षी ६६ सामने जिंकलेल्या संघाने ९७ जिंकले आणि थेट वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम लढत गाठली. तिथे फिलाडेल्फियाकडून तो हरला. २०२० मध्ये पुन्हा अंतिम लढतीत पोहोचला, या वेळी लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडून हरला. २०१९ ते २०२३ अशी सलग पाच वर्षं संघ बाद फेरीत होता.

हे सगळं अत्यंत कमी पैशांत. २०२३ मध्ये रेजचा खेळाडूंच्या पगारावरचा खर्च न्यूयॉर्क मेट्सच्या एक चतुर्थांशसुद्धा नव्हता. मेट्सला त्या वर्षी बाद फेरीही गाठता आली नाही. रेजने मात्र मोसमाची सुरुवात सलग १३ विजयांनी केली.

मग खुर्च्या किती रिकाम्या?

२०२३ मध्ये मेजर लीग बेसबॉलमध्ये एका सामन्याला सरासरी २९ हजारांच्या आसपास प्रेक्षक होते. रेजच्या घरच्या सामन्यांना १८ हजारांपेक्षा कमी. विजयांच्या यादीत संघ ३० मध्ये चौथा, प्रेक्षकांच्या यादीत २७ वा.

त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला टेक्सास रेंजर्सविरुद्ध बाद फेरीचा सामना होता. प्रेक्षक आले १९,७०४. कोविडचा काळ सोडला, तर बाद फेरीच्या सामन्याला इतकी कमी गर्दी १९१९ नंतर पहिल्यांदाच झाली होती. सामना मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास होता हे खरं. पण अशाच वेळी इतर शहरांत लोक सुट्टी टाकून येतात.

याआधी २०१० मध्ये संघ बाद फेरीच्या उंबरठ्यावर असताना स्टेडियम अर्ध्याहून जास्त रिकामं होतं. डेव्हिड प्राइस आणि इव्हान लाँगोरिया या संघाच्या दोन मोठ्या खेळाडूंनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. शेवटी व्यवस्थापनाने एका सामन्याची २० हजार तिकिटं फुकट वाटली.

कारण पहिलं: नाव टँपाचं, मैदान खाडीपलीकडे

टँपा बे नावाचं शहरच नाही. ते एका उपसागराचं नाव आहे. त्याच्या एका बाजूला टँपा, दुसऱ्या बाजूला सेंट पीटर्सबर्ग. सगळा परिसर मिळून लोकसंख्या ३० लाखांहून अधिक, म्हणजे कागदावर बाजारपेठ चांगली मोठी.

पण रेजचं घर असलेलं ट्रॉपिकाना फील्ड सेंट पीटर्सबर्गमध्ये, एका द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाजवळ आहे. पश्चिमेला मेक्सिकोचं आखात, पूर्वेला आणि दक्षिणेला टँपा बे. स्टेडियमवरून अर्ध्या तासाच्या अंतराचं वर्तुळ काढलं, तर त्यातला मोठा भाग पाण्यात जातो आणि पाण्यात तिकीट घेणारं कोणी राहत नाही.

टँपाहून यायचं तर उपसागरावरचा पूल ओलांडावा लागतो. सामना संध्याकाळी सातच्या आसपास, म्हणजे निघायचं नेमकं ऑफिस सुटायच्या वेळेला. दोन्ही शहरांना जोडणारी लोकल नाही, मेट्रो नाही. गाडी काढा, पुलावर अडका, तीन तास सामना बघा आणि रात्री तोच रस्ता परत. दुसऱ्या दिवशी मुलांची शाळा. टीव्हीवर रेजचे सामने बघणाऱ्यांची संख्या अनेक मोसमांत चांगली राहिली आहे. म्हणजे लोकांना संघ नको आहे असं नाही. त्यांना तो प्रवास नको आहे.

पण मैदान तिथे बांधलं कोणी?

ट्रॉपिकाना फील्ड रेजसाठी बांधलंच नव्हतं. सेंट पीटर्सबर्गने आधी स्टेडियम बांधलं आणि मग संघ शोधला. १९८८ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स इथे येता येता राहिले. १९९० मध्ये स्टेडियम उघडलं, तेव्हा त्यात खेळायला बेसबॉलचा संघच नव्हता. १९९२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सही येता येता राहिले. अखेर १९९८ मध्ये नवा संघ आला.

या जागेवर आधी गॅस प्लांट नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती होती. घरं होती, दुकानं होती, चर्च होती. आधी महामार्गासाठी आणि नंतर स्टेडियमसाठी ती पाडली गेली. रहिवाशांना नोकऱ्यांचं आणि विकासाचं आश्वासन मिळालं होतं. प्रत्यक्षात तिथे उभं राहिलं एक बंदिस्त घुमट आणि त्याभोवती पार्किंगचं डांबर. म्हणजे ज्या स्टेडियमला आज लोक नाहीत, ते उभं करायला लोक उठवले गेले होते.

कारण दुसरं: आजोबांचा संघ वेगळा

फ्लोरिडात बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांची संख्या मोठी आहे. न्यूयॉर्क, बोस्टन, शिकागोची थंडी सोडून लोक इथे येतात. येताना सामान आणतात आणि आपला संघही. न्यूयॉर्क यँकीज किंवा बोस्टन रेड सॉक्स इथे खेळायला आले की ट्रॉपिकाना फील्ड भरतं. पण टाळ्या बऱ्याचदा पाहुण्यांसाठी असतात.

त्यात या भागाचं बेसबॉलशी नातं फार जुनं आहे, पण ते दुसऱ्यांच्या संघांशी. मोठे संघ मोसमाआधीचा सराव फ्लोरिडात करतात. सेंट पीटर्सबर्गमध्ये अशी शिबिरं १९१४ पासून होत आली. यँकीज सराव करतात खुद्द टँपामध्ये, फिलाडेल्फियाचा संघ शेजारच्या क्लिअरवॉटरमध्ये. रेज जन्मले तेव्हा इथल्या बेसबॉलप्रेमींनी आपापला संघ केव्हाच निवडला होता. बेसबॉलची निष्ठा बऱ्याचदा वडिलांकडून किंवा आजोबांकडून मिळते. रेजचं वय अजून ३० वर्षंही नाही.

कारण तिसरं: एक-दोन नव्हे, ८१ सामने

इथे एक आक्षेप नेहमी येतो. टँपामध्येच आइस हॉकीचा लाइटनिंग संघ आहे. फ्लोरिडाच्या उकाड्यात बर्फावरचा खेळ, तरी स्टेडियम खचाखच. मग बेसबॉललाच काय झालं?

थोडा हिशोब केला तर चित्र बदलतं. लाइटनिंगचे घरचे साखळी सामने ४१, प्रत्येकाला सुमारे १९ हजार प्रेक्षक. म्हणजे मोसमात पावणेआठ लाखांच्या आसपास. रेजचे २०२३ चे १४ लाख ४० हजार प्रेक्षक याच्या जवळपास दुप्पट आहेत! फरक एवढाच की बेसबॉलमध्ये घरचे सामने ८१ असतात. आयपीएलमध्ये एका संघाला साखळीत घरचे सात सामने मिळतात. त्याच्या साडेअकरा पट सामने, तेही सहा महिन्यांत आणि बरेचसे कामाच्या दिवशी.

एवढे सामने भरायला अधूनमधून येणारे पुरत नाहीत, मोसमाची तिकिटं घेणारे लागतात. मोठ्या शहरांत ती कंपन्या घेतात, ग्राहकांना आणि कर्मचाऱ्यांना वाटतात. टँपा बे परिसरात मोठ्या कंपन्यांची मुख्यालयं तुलनेने कमी, निवृत्तांची संख्या जास्त. लाइटनिंगचं मैदान टँपाच्या मध्यवर्ती भागात असल्याने हा वर्गही बराचसा तिकडे वळतो.

कारण चौथं: जीव लावावा तर खेळाडू निघून जातो

कमी पैशांत जिंकायचं रेजचं तंत्र साधं आहे. तरुण खेळाडू स्वस्तात घ्यायचा, घडवायचा आणि महाग होण्याआधी त्याच्या बदल्यात आणखी तरुण खेळाडू मिळवायचे. प्राइस २०१४ मध्ये गेला. लाँगोरिया २०१७ मध्ये. ब्लेक स्नेल २०२० च्या वर्ल्ड सिरीजनंतर दोनच महिन्यांत. टायलर ग्लासनाउ २०२३ मध्ये, रँडी अरोझारेना २०२४ मध्ये.

गुणतक्त्यात हे तंत्र चालतं, पण आठ वर्षांच्या मुलाने ज्याच्या नावाचा टी-शर्ट घेतला, तो खेळाडू दोन वर्षांत दुसऱ्या संघात दिसतो. मालक म्हणतात प्रेक्षक नाहीत म्हणून पैसे नाहीत. प्रेक्षक म्हणतात खेळाडू टिकत नाहीत म्हणून ओढ नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि म्हणूनच हे चक्र तुटत नाही.

त्यात संघच निघून जाण्याची टांगती तलवार. घरचे सामने फ्लोरिडा आणि कॅनडातलं माँट्रियल यांच्यात वाटून घ्यायची योजना २०१९ मध्ये मांडली गेली. २०२२ मध्ये लीगने ती फेटाळली. पण जो संघ अर्धं घर हलवायला निघाला होता, त्याला पूर्ण मन कोण देणार?

मग नवं स्टेडियम हा उपाय आहे का?

अर्धा. यासाठी दोन शहरं बघावी लागतील.

पहिलं मायामी, फ्लोरिडातलंच. मार्लिन्स संघाने १९९७ आणि २००३ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली. २०१२ मध्ये बराचसा सार्वजनिक पैसा वापरून त्याला छत असलेलं नवंकोरं स्टेडियम मिळालं. पहिल्या वर्षी २२ लाख लोक आले. मोसम संपताच मालकांनी मोठे खेळाडू विकून टाकले. पुढच्या वर्षी आकडा १६ लाखांच्या खाली.

दुसरं मिलवॉकी. लोकसंख्येने टँपा बेच्या साधारण निम्मं आणि बेसबॉलमधल्या सगळ्यात लहान बाजारपेठांपैकी एक. २०२३ मध्ये तिथल्या ब्रूअर्सने रेजपेक्षा सात सामने कमी जिंकले, पण प्रेक्षक आले २५ लाखांहून अधिक. ब्रूअर्स तिथे १९७० पासून आहेत. मैदानापर्यंत पोहोचणं सोपं आहे. सामन्याआधी पार्किंगमध्ये शेगडी पेटवून खाणंपिणं हा तिथला घरगुती रिवाज आहे. तिथे सामना बघायला जाणं ही एक सवय आहे.

जिंकण्याने बातमी होते, उत्सुकता वाढते. पण ८१ सामने भरतात ते सवयीने. सवय लागायला जवळचं मैदान, ओळखीचे चेहरे आणि 'हा संघ उद्याही इथेच असेल' ही खात्री लागते. रेजने विजय भरपूर दिले, या तीन गोष्टी मात्र क्वचितच एकत्र दिल्या.

आता पुढे काय?

जुलै २०२४ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्येच १३० कोटी डॉलरच्या नव्या स्टेडियमला मंजुरी मिळाली. त्यातले साधारण ६० कोटी शहर आणि काउंटी देणार होते. सोबत गॅस प्लांटच्या जागेवर परवडणारी घरं आणि इतर विकास, म्हणजे जुन्या आश्वासनाची उशिरा का होईना भरपाई. पण ऑक्टोबरमध्ये मिल्टन चक्रीवादळाने ट्रॉपिकाना फील्डचं छप्पर फाडून नेलं. निधीची मतदानं लांबली, खर्च वाढेल म्हणत मालक स्टुअर्ट स्टर्नबर्ग मार्च २०२५ मध्ये करारातून बाहेर पडले. गॅस प्लांटचं आश्वासन पुन्हा लटकलं.

२०२५ चा मोसम रेजने टँपामध्ये, यँकीजच्या सराव मैदानावर काढला. क्षमता जेमतेम दहा हजार. सरासरी साडेनऊ हजारांहून अधिक लोक आले, पण मैदानच एवढं लहान की त्यावरून टँपाकरांची ओढ मोजता येत नाही. त्याच वर्षी संघ विकला गेला. स्टर्नबर्ग यांनी सुमारे २० कोटी डॉलरला घेतलेला संघ पॅट्रिक झलुप्स्की यांच्या गटाने सुमारे १७० कोटींना घेतला. खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तरी संघाची किंमत आठपटीहून जास्त वाढली.

२०२६ साठी ट्रॉपिकाना फील्डची दुरुस्ती शहराच्या खर्चाने हाती घेतली गेली. नव्या मालकांची नजर मात्र टँपाकडे आहे आणि २०२९ पर्यंत तिथे नवं मैदान उभारायचा त्यांचा इरादा आहे. पूल ओलांडायची अडचण त्याने सुटू शकते. पण स्थानिक संस्थांनी सार्वजनिक पैसा देताना फक्त आराखडा बघून चालणार नाही. संघ किती वर्षं थांबणार, खेळाडूंवर किती खर्च करणार आणि उत्पन्नातला वाटा लोकांना किती मिळणार, हे कागदावर आलं पाहिजे. नाहीतर पहिल्या वर्षी नव्याची नवलाई म्हणून गर्दी होईल, जशी १९९८ मध्ये झाली होती. त्या गर्दीचं पुढे काय झालं, ते सेंट पीटर्सबर्गने बघितलं आहे.