वाळवंट आधी वाळवंट असते

एम.ए.च्या वर्गात प्रतीकविचार शिकवताना आम्ही दोघे गेली कित्येक वर्षे एक उदाहरण हमखास देत आलो आहोत : वाळवंट. फळ्यावर एवढा एकच शब्द लिहायचा आणि विद्यार्थ्यांनी अर्थ सांगायचे. एकाकीपण, रितेपण, ईश्वरशोध, आधुनिक माणसाचे परात्मपण. पाच मिनिटांत फळा भरतो, आणि प्रतीक म्हणजे काय हे वर्गाला समजले, अशा समाधानात तास संपतो. यंदा आम्हांपैकी एकाच्या तासाला मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तिथे पाणी नसतं, हे कुणीच कसं लिहिलं नाही?" वर्ग हसला. सरही हसले. स्टाफरूममध्ये हा प्रसंग सांगताना मात्र ते हसू टिकले नाही.

त्या प्रश्नाने आम्हांला एका जुन्या विमानाकडे नेले. वाचकांपैकी काहींना ते ठाऊक असेल. 'लेडी बी गुड' हे त्याचे नाव, गर्श्विनच्या १९२४ च्या संगीतिकेवरून ठेवलेले. अमेरिकी हवाई दलाचे हे बी-२४ जातीचे बॉम्बफेकी विमान ४ एप्रिल १९४३ रोजी लिबियातल्या सोलूकच्या तळावरून इटलीतल्या नेपल्सवर हल्ल्यासाठी निघाले. आत नऊ जण होते आणि एकत्रित अशी ही त्यांची पहिलीच मोहीम होती. लक्ष्यावर हल्ला न करताच ते परतले. मध्यरात्रीनंतर त्यांनी बेनिनाच्या केंद्राकडे रेडिओवरून दिशा विचारली. केंद्राने ती सांगितली. विमान तळावरून पुढे निघून गेले आणि दोन तास दक्षिणेकडे, वाळवंटात खोल खोल, उडत राहिले. इंधन संपत आले तेव्हा नऊही जणांनी छत्र्या घेऊन उड्या मारल्या.

या चुकीचे जे स्पष्टीकरण सर्वसाधारणपणे दिले जाते, ते साहित्याच्या अध्यापकाने जपून ठेवावे असे आहे. त्या काळचे दिशाशोधक यंत्र वेटोळ्याच्या अँटेनावर चाले. विमान कोणत्या रेषेवर आहे हे ते अचूक सांगे. पण त्या रेषेवर ते समोर आहे की पाठीमागे, हे सांगू शकत नसे. दोन्हींसाठी आकडा एकच. विमान समुद्रावरून येत आहे असे केंद्राने गृहीत धरले, कारण ते समुद्रावरूनच येणे अपेक्षित होते. यंत्राने दाखवलेला आकडा बरोबर होता. चुकला तो त्याचा अर्थ, आणि तोही अपेक्षेमुळे चुकला.

ही चूक तेवढ्यावर थांबली नाही. विमान परतले नाही तेव्हा त्याचा शोध घेतला गेला तो समुद्रात; शेवटी 'समुद्रात बुडाले' अशी नोंद झाली. पुढे १९५८ साली तेलाचा शोध घेणाऱ्या एका ब्रिटिश तुकडीला कलांशोच्या वाळूसागराजवळ विमानाचा सांगाडा आकाशातून दिसला आणि तिने तसे कळवलेही. पण त्या भागात विमान हरवल्याची नोंदच कागदोपत्री नव्हती, त्यामुळे त्या खबरीची फारशी दखल कुणी घेतली नाही. कागदाने डोळ्यांवर मात केली. १९५९ मध्ये माणसे प्रत्यक्ष तिथे पोचली, तेव्हा विमान तुटलेले, पण बरेचसे शाबूत होते. आत पाणी होते, खाण्याचे पदार्थ होते, चालू स्थितीतला रेडिओ होता. माणूस एकही नव्हता.

त्या वर्षी अमेरिकी सैन्याच्या तुकडीने महिनोन् महिने वाळू पालथी घातली. तिला वाटेवर टाकलेले बूट सापडले. छत्र्यांच्या पट्ट्या दगडांखाली दाबून केलेले बाणही सापडले. हे बाण वायव्येकडे जात होते. चालत गेलेल्या माणसांनी मागून येणाऱ्यांसाठी लिहिलेला तो मजकूरच होता. पण पाण्यावाचून माणूस किती चालू शकेल याचे एक गणित शोधणाऱ्यांच्या मनात होते, आणि त्या गणिताबाहेर पाहण्याचे कारण त्यांना दिसले नाही. देह वाळूखाली गेले असावेत, असा निष्कर्ष निघाला. १९६० च्या फेब्रुवारीत तेलकंपनीच्या माणसांना पाच देह सापडले, ते त्या गणिताच्या कितीतरी पलीकडे. ती माणसे सुमारे १३० किलोमीटर चालली होती. उरलेल्यांपैकी तिघांचे अवशेष त्याच वर्षी मिळाले : दोघे त्या पाच जणांच्याही पुढे चालून गेलेले, तिसरा, छत्री न उघडल्याने उडी मारली तिथेच मृत्यू पावलेला.

तीन वेळा वाचन झाले आणि तीनही वेळा वाचणाऱ्याने आपल्याला अपेक्षित असलेला अर्थ वाचला. केंद्राने समुद्र वाचला, कागदांनी समुद्र वाचला, तुकडीने थकवा वाचला. चिन्हे प्रत्येक वेळी खरी होती. आमच्या फळ्यावर दरवर्षी नेमके हेच घडते, असे म्हटले तर अतिशयोक्ती वाटेल. पण आम्हांला ती वाटत नाही.

आता एक योगायोग नोंदवतो. विमान हरवल्यानंतर दोनच दिवसांनी, ६ एप्रिल १९४३ रोजी, न्यूयॉर्कमध्ये आंत्वान द सेंत-एग्झुपेरी यांचे 'द लिटल प्रिन्स' प्रसिद्ध झाले. वाळवंटात विमान बिघडलेला वैमानिक आणि त्याला भेटणारा एक लहान मुलगा यांची ती गोष्ट. वाळवंट म्हणजे अंतर्मुखता, असे त्या पुस्तकाबद्दल आम्हीही बोलत आलो आहोत. त्याच मंगळवारी सहवैमानिक रॉबर्ट टोनर यांच्या छोट्या रोजनिशीत काय आहे? वारा नाही, ऊन कडक, दुपार असह्य. रात्रभर पंधरा मिनिटे चालायचे आणि पाच मिनिटे थांबायचे. आठ माणसांत पाण्याची बाटली एक, तीही अर्धी. दिवसाला वाट्याला टोपणभर. आपण समुद्रापासून फार दूर नाही अशा समजुतीने ती वायव्येकडे चालली. समुद्र प्रत्यक्षात शेकडो किलोमीटर दूर होता, आणि पाणी व रेडिओ असलेले विमान पाठीमागे दक्षिणेला, उडी मारलेल्या ठिकाणापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर. रोजनिशी १२ एप्रिलला संपते. शेवटच्या नोंदीत मदत न आल्याचा उल्लेख आहे आणि रात्रीच्या थंडीचा. त्या साऱ्या पानांत उपमा शोधून सापडत नाही.

मग प्रतीक वाचूच नये, असे आमचे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. सेंत-एग्झुपेरी यांचे वाळवंट प्रतीक होऊ शकले, कारण आधी ते त्यांच्या घशाला कोरडे लागले होते. डिसेंबर १९३५ मध्ये पॅरिसहून सायगावला जाताना त्यांचे विमान लिबियाच्या वाळवंटात कोसळले. ते आणि त्यांचा मेकॅनिक तहानेने मरणाच्या दारात असताना एका बदाऊनाने त्यांना वाचवले. म्हणजे त्यांच्या प्रतीकाखाली वस्तुस्थितीचा पाया आहे. आमचा आक्षेप आहे तो पाया न पाहता थेट कळस गाठण्याच्या घाईला. आपल्याच परंपरेत पाहा. महानुभावांच्या 'स्थानपोथी'त श्रीचक्रधरांची स्थाने सांगताना ती कुठे, कोणत्या दिशेला, हे काटेकोरपणे नोंदलेले असते. तिथे भक्ती अपार आहे, पण भक्तीआधी ठिकाण आहे. ठिकाण चुकले तर वंदन कुणाला करणार, हे त्या ग्रंथकारांना पक्के ठाऊक होते.

घाईचे दुसरे रूप म्हणजे दंतकथा. 'लेडी बी गुड'चे सुटे भाग ज्या ज्या विमानांत बसवले ती संकटात सापडली, ही गोष्ट तिची माहिती देणाऱ्या लेखनात हटकून येते. विद्यार्थ्यांनाही तीच लक्षात राहते. शाप हा अर्थ लावण्याचा सर्वांत सोपा मार्ग. त्याला बाण वाचावे लागत नाहीत. तिसरे रूप रंगरंगोटीचे. २८ जून १९४२ रोजी हरवलेले ब्रिटिश हवाई दलाचे एक किटीहॉक लढाऊ विमान २०१२ साली इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात एका पोलिश तेलकर्मचाऱ्याला सापडले. विमानाजवळच्या छत्रीवरून वैमानिक डेनिस कॉपिंग उतरताना वाचले असावेत, असे अनुमान निघाले. विमान पुढे अल अलामीनच्या युद्धसंग्रहालयात नेऊन नव्याने रंगवण्यात आले, आणि जाणकारांनी त्यावर नापसंती व्यक्त केली. संहितेची चिकित्सा शिकवणाऱ्याला ती नापसंती समजावून सांगावी लागत नाही. सत्तर वर्षांच्या उन्हावाऱ्याने लिहिलेली प्रत आपण पुसली आणि वर स्वच्छ अक्षरात आपले अनुमान लिहिले, एवढाच त्याचा अर्थ. कॉपिंग स्वतः सापडले नाहीत.

'लेडी बी गुड'चा सांगाडाही आता जागेवर नाही. १९९४ मध्ये तो तोब्रुकला हलवला गेला. तोवर हौशी लोकांनी त्याचे बरेच भाग आठवण म्हणून नेले होते. वस्तू वाचवण्यासाठी ती हलवावी लागते, हे आम्हांला मान्य आहे. पण ती हलली की तिच्याभोवतीचे वाक्य तुटते, हेही मान्य करायला हवे. बाण कुठे सुरू होतात, हे सांगणारे शेवटी ते विमानच होते.

नऊपैकी एक जण, व्हर्नन मूर, अधिकृतरीत्या आजवर सापडलेले नाहीत. शेवटच्या दिवसांत मदत आणायला पुढे निघालेल्या तिघांतले ते एक. आणि सेंत-एग्झुपेरी? ते ३१ जुलै १९४४ रोजी कॉर्सिकाहून टेहळणीला निघाले आणि परतले नाहीत. त्यांच्या विमानाचे अवशेष मार्सेयजवळ समुद्रतळाशी २००० साली सापडले आणि २००४ मध्ये त्यांची ओळख पटली. समुद्रात शोधलेली माणसे वाळूत होती, आणि वाळवंटाचा लेखक समुद्रात. यातही प्रतीक शोधण्याचा मोह आम्हांला होतो, हे कबूल करतो. तूर्त तो आवरतो.

पुढच्या वर्षी तो तास आम्ही उलट्या क्रमाने घेणार आहोत. आधी नकाशा, अंतरे, टोपणभर पाणी आणि टोनर यांच्या रोजनिशीतल्या नोंदी; फळ्यावरचे अर्थ त्यानंतर, वेळ उरला तर. वेळ उरला नाही तरी बिघडणार नाही. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर तेवढ्याने देऊन होईल.